ऑस्करच्या तथाकथित ‘आरक्षणा’बद्दल

पुरस्कारांचा हंगाम आला की समाजमाध्यमांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा : ऑस्करला आता आरक्षण लागू झाले असून गोऱ्या कलाकारांचा चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेला पात्रच ठरत नाही, ‘द गॉडफादर’ आज प्रदर्शित झाला असता तर दारातूनच परत गेला असता, पूर्वी तेथे केवळ गुणवत्ता पाहिली जात असे, आणि वर्णभेद खरोखर असता तर मेक्सिकोच्या दिग्दर्शकांना व भारतीयांना इतके ऑस्कर मिळालेच नसते. यातले प्रत्येक विधान तपासता येण्याजोगे आहे, म्हणून ते तपासलेले बरे.

नियमांपासून सुरुवात करू. ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीने सप्टेंबर 2020 मध्ये उपेक्षित गटांच्या सहभागाविषयी चार निकष जाहीर केले आणि 2024 च्या सोहळ्यापासून ते बंधनकारक झाले. ते फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपट या एकाच पुरस्काराला लागू आहेत. अभिनय, दिग्दर्शन, पटकथा, छायालेखन यांच्या नामांकनांशी त्यांचा काहीही संबंध नाही. पहिला निकष पडद्यावरील पात्रे व कथानक यांचा, दुसरा कॅमेऱ्यामागील चमूचा, तिसरा वितरक किंवा निर्मिती कंपनीने दिलेल्या सवेतन उमेदवारीचा व प्रशिक्षणाचा, आणि चौथा त्या कंपनीच्या प्रसिद्धी, विपणन व वितरण विभागांतील वरिष्ठ अधिकाऱ्यांचा. या चारांपैकी कोणतेही दोन पूर्ण केले की पुरे. शिवाय उपेक्षित गटांमध्ये वांशिक अल्पसंख्याकांबरोबर स्त्रिया, समलिंगी व पारलिंगी व्यक्ती आणि अपंग व्यक्तीही मोडतात. दुसऱ्या निकषाच्या तीन पर्यायांपैकी एक तर एवढाच आहे की एकूण चमूतील 30 टक्के माणसे या गटांतली असावीत. वेशभूषा, केशभूषा, रंगभूषा, पात्रनिवड आणि निर्मिती व्यवस्थापन या विभागांत स्त्रिया किती असतात हे ज्याने चित्रीकरण जवळून पाहिले आहे, त्याला ही अट फार जाचक वाटणार नाही.

एक उदाहरण मनाशी घेऊन पाहा. दुसऱ्या महायुद्धातील पाणबुडीवर घडणारा चित्रपट आहे, त्यातले सर्वच्या सर्व नट गोरे पुरुष आहेत, आणि तो एका मोठ्या स्टुडिओने वितरित केला आहे. पहिला निकष तो पूर्ण करत नाही, तरीही स्टुडिओकडे प्रशिक्षणाची योजना असेल आणि प्रसिद्धी व वितरण विभागांत योग्य ते अधिकारी असतील, तर तिसरा व चौथा निकष पूर्ण होऊन चित्रपट पात्र ठरतो. कोणाला नाव बदलावे लागत नाही, कोणाचे पात्र घुसडावे लागत नाही. हे नियम बंधनकारक झाल्याच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे मार्च 2024 मध्ये, 13 नामांकने आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात पुरस्कार मिळवणारा चित्रपट होता ‘ओपनहायमर’, ज्याच्या प्रमुख भूमिकांत जवळजवळ सगळे गोरे नट आहेत. ज्या दारातून गोरे चित्रपट परत जातात असे सांगितले जाते, त्याच दारातून हा आत गेला.

‘आरक्षण’ या शब्दाने मराठी वाचकाची आणखी दिशाभूल होते. आपल्याकडे आरक्षण म्हणजे ठराविक जागा ठराविक वर्गासाठी राखून ठेवणे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या दहा नामांकनांपैकी एकही जागा कोणासाठी राखलेली नाही. या नियमांवर खरी टीका करायची तर ती उलट्या बाजूने होऊ शकते. ते इतके सैल आहेत की वंशाच्या प्रश्नाला हातही न लावता पूर्ण होतात, आणि तिसरा व चौथा निकष मोठ्या स्टुडिओंना सहज पेलतात, तर चार माणसांच्या कार्यालयातून चालणाऱ्या छोट्या वितरकाला जड जातात. अशी टीका या मजकुरात शोधूनही सापडत नाही.

‘गॉडफादर’चे उदाहरण देणाऱ्यांनी त्या चित्रपटाची पुरस्काराची रात्र तरी आठवायला हवी होती. मार्च 1973 मध्ये मार्लन ब्रँडोने सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार नाकारला आणि आपल्या जागी सशीन लिटलफेदर या तरुणीला मंचावर पाठवले. हॉलिवूड अमेरिकेच्या मूलनिवासींना ज्या रीतीने दाखवते त्याचा निषेध म्हणून हा नकार आहे, असे तिने सांगितले, तेव्हा सभागृहातून टाळ्यांबरोबर हुर्योही ऐकू आली. त्या वागणुकीबद्दल अकॅडमीने 2022 मध्ये तिची माफी मागितली. (तिच्या मृत्यूनंतर तिच्या बहिणींनी तिचा मूलनिवासी असल्याचा दावाच नाकारला, हेही नमूद केले पाहिजे, पण 1973 च्या सभागृहाला ते ठाऊक नव्हते.) प्रश्न तेव्हाही होता, आणि तो याच चित्रपटाच्या निमित्ताने मंचावरून मांडला गेला होता.

‘पूर्वी केवळ गुणवत्ता पाहिली जात असे’ हे विधान आता घेऊ. 1940 साली हॅटी मॅकडॅनियल सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ठरली. सोहळा लॉस एंजेलिसच्या ॲम्बेसेडर हॉटेलात होता आणि तेथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नसे. तिला आत घेण्यासाठी निर्मात्याला खास रदबदली करावी लागली. तिच्या चित्रपटातले बाकीचे कलाकार एकत्र बसले होते आणि तिला भिंतीलगतच्या एका छोट्या मेजावर, त्यांच्यापासून दूर बसवले होते. पुरस्कार घ्यायला ती त्या मेजावरून उठून आली आणि परत त्याच मेजावर गेली. प्रमुख भूमिकेसाठी पुरस्कार मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय अभिनेता सिडनी पॉटिए 1964 मध्ये आला, आणि प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार हॅली बेरीला मिळेपर्यंत 2002 साल उजाडले.

दुसरे उदाहरण तर मुंबईचे आहे. मर्ल ओबेरॉनचा जन्म 1911 मध्ये मुंबईत झाला आणि तिचे वळणाचे वय कलकत्त्यात गेले. 1935 च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन मिळाले, पण आपण दक्षिण आशियाई रक्ताच्या आहोत हे तिने आयुष्यभर लपवले. आपला जन्म टास्मानियात झाला असे ती सांगत राहिली, आणि जिने तिला वाढवले त्या सावळ्या बाईची ओळख ती पाहुण्यांना मोलकरीण म्हणून करून देत असे, असे तिच्याविषयी लिहिले गेले आहे. खरी हकीकत जगापुढे आली ती 1979 मध्ये तिचा मृत्यू झाल्यानंतर. म्हणजे आशियाई वंशाची पहिली म्हणता येईल अशी नामांकित अभिनेत्री आशियाई नसल्याचे सोंग वठवूनच त्या यादीत पोचली होती. स्वतःची आशियाई ओळख न लपवता प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार घेणारी मिशेल यो त्यानंतर 2023 मध्ये आली. गुणवत्ता पाहिली जात नव्हती असे नव्हे. ती पाहण्याआधी आणखी काही पाहिले जात होते.

तो जुना काळ सोडून अलीकडचे पाहू. 2015 आणि 2016 या सलग दोन वर्षी अभिनयाच्या चारही विभागांतली 20 पैकी 20 नामांकने गोऱ्या कलाकारांना मिळाली. जानेवारी 2015 मध्ये एप्रिल रेन यांनी ‘ऑस्कर्स सो व्हाइट’ हा हॅशटॅग सुरू केला तो त्यामुळेच. 2016 च्या यादीतले दोन तपशील बोलके आहेत. ‘क्रीड’चा दिग्दर्शक कृष्णवर्णीय, नायक कृष्णवर्णीय, चित्रपटाला मिळालेले एकमेव नामांकन सिल्व्हेस्टर स्टॅलोनचे. ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ ही कृष्णवर्णीय रॅप गायकांची गोष्ट. तिला मिळालेले एकमेव नामांकन पटकथेचे, आणि ते ज्यांना मिळाले ते सगळे लेखक गोरे.

हे कोणी कट करून घडवले असे म्हणण्याचे कारण नाही. अभिनयाची नामांकने अकॅडमीची अभिनेत्यांची शाखा पसंतिक्रमाच्या मतांनी ठरवते. पाच जागा असल्यामुळे एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून थोडी अधिक मते ज्याच्या पदरात पडतात तो नामांकित होतो. विधान परिषदेच्या निवडणुकीच्या वेळी आपण वर्तमानपत्रांत मतांच्या ज्या ‘कोट्या’चा हिशेब वाचतो, तोच हा प्रकार. (ऑस्करच्या नामांकनांत खराखुरा कोटा शोधायचाच असेल तर तो हा एवढाच.) आता मतदार कोण होते ते पाहा. 2012 मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने केलेल्या पाहणीनुसार अकॅडमीचे सदस्य सुमारे 94 टक्के गोरे आणि 77 टक्के पुरुष होते, आणि त्यांचे मध्यक वय 62 होते. अशा मतदाराला कोणाचा द्वेष करावा लागत नाही. घरी पाठवलेल्या चित्रपटांच्या गठ्ठ्यातून आधी कोणता लावायचा आणि कोणता राहून गेला तरी चालेल, एवढे त्याने ठरवले तरी यादी बदलते. एखाद्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिल्याशिवाय अंतिम फेरीत त्या विभागात मत देता येणार नाही, हा नियम अकॅडमीने एप्रिल 2025 मध्ये जाहीर केला. तोपर्यंत तो नव्हता, हे ‘केवळ गुणवत्ता’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

2016 नंतर अकॅडमीने सदस्यत्व वाढवले. त्या एका वर्षात 683 जणांना निमंत्रणे गेली. त्यामुळे निकाल आधीच ठरू लागले म्हणावे, तर 2020 च्या 20 अभिनय नामांकनांत गोरी नसलेली एकच व्यक्ती होती, सिंथिया एरिव्हो, आणि पुढच्याच वर्षी अशा व्यक्ती नऊ होत्या. ठरवून दिलेला आकडा एवढा हेलकावत नाही.

मेक्सिकन दिग्दर्शकांचा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो टाळता येत नाही. 2014 ते 2019 या सहा वर्षांत दिग्दर्शनाचा पुरस्कार पाच वेळा अल्फोन्सो क्वारोन, अलेहान्द्रो इन्यारितू आणि गिएर्मो देल तोरो या तिघांकडे गेला, आणि इन्यारितूचे दोन्ही पुरस्कार नेमके 2015 आणि 2016 चे आहेत. पण हे तिघे मेक्सिकोत वाढले, तेथेच त्यांनी पहिले चित्रपट केले. अमेरिकेतल्या लॅटिनो समाजाला हॉलिवूडमध्ये कितपत वाव मिळतो याचे ते माप होऊ शकत नाहीत. आणि ‘ग्रॅव्हिटी’, ‘बर्डमॅन’, ‘द रेव्हनंट’ या त्यांच्या पुरस्कारप्राप्त चित्रपटांच्या नायक-नायिका कोण होत्या? सँड्रा बुलक, मायकल कीटन, लिओनार्डो डिकॅप्रियो. 2020 च्या जनगणनेनुसार अमेरिकेत लॅटिनो लोक सुमारे 19 टक्के आहेत.

काम मान्य, चेहरा नको, असे जे येथे दिसते ते आशियाई चित्रपटांच्या बाबतीत इतके स्पष्ट आहे की एकापाठोपाठ एक नावे ठेवली तरी पुरते. ‘द लास्ट एम्परर’ला 1988 मध्ये नऊ नामांकने होती आणि नऊच्या नऊ पुरस्कार मिळाले. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ला दहा नामांकने होती. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ला दहा नामांकने आणि आठ पुरस्कार मिळाले. ‘लाइफ ऑफ पाय’ला 11 नामांकने, चार पुरस्कार, ‘पॅरासाइट’ला सहा नामांकने, चार पुरस्कार. या पाच चित्रपटांना मिळून 46 नामांकने आहेत आणि त्यात अभिनयाचे एकही नाही.

भाषेची अडचण असावी, असे कोणी म्हणेल. पण ‘द लास्ट एम्परर’ व ‘लाइफ ऑफ पाय’ मुख्यतः इंग्रजीत आहेत आणि ‘स्लमडॉग’चाही मोठा भाग इंग्रजीतच आहे. अनेक पात्रांच्या चित्रपटात मते विभागली जातात, हे स्पष्टीकरण ‘पॅरासाइट’ला लागू पडेलही. ‘लाइफ ऑफ पाय’ला कसे लागू करायचे? त्यात बराच काळ पडद्यावर एक होडी, एक मुलगा आणि एक वाघ एवढेच आहे, आणि वाघ बहुतेक वेळा संगणकावर रचलेला आहे. म्हणजे सूरज शर्मा रिकाम्या जागेकडे पाहून घाबरत होता, तिच्यावर ओरडत होता, तिच्यासाठी रडत होता. वाघ घडवणाऱ्यांना दृश्य परिणामांचे ऑस्कर मिळाले. त्या वाघावर आपला विश्वास बसला तो मुलाच्या डोळ्यांमुळे, हे काही कोणाच्या मतपत्रिकेत उतरले नाही. ‘स्लमडॉग’ आणि ‘पॅरासाइट’ या दोन्ही चित्रपटांच्या कलाकारसंचाला अमेरिकेच्या पडदा-अभिनेता संघटनेने आपला सामूहिक अभिनयाचा सर्वोच्च पुरस्कार दिला होता, आणि ‘स्लमडॉग’च्या देव पटेलला ब्रिटनच्या बाफ्टाने प्रमुख अभिनेत्याचे नामांकन दिले होते. म्हणजे अभिनय चांगला आहे हे अभिनेत्यांनाही दिसत होते. याला अपवाद आहेत, आणि ‘द किलिंग फील्ड्स’साठी पुरस्कार मिळवणारे कंबोडियाचे डॉक्टर हांग एस. न्गोर हे त्यातले ठळक; पण ही रांग अपवादांनी पुसली जात नाही.

शेवटी भारतीयांचे ऑस्कर. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये मिळालेला पुरस्कार हा भारतीयाला मिळालेला पहिला, आणि त्याचा अभिमान कोणालाही वाटावा. त्यानंतर संगीतासाठी रहमान, गीतासाठी गुलजार, ध्वनीसाठी रसूल पुकुट्टी, पुन्हा गीतासाठी कीरवाणी व चंद्रबोस. हे सगळे पुरस्कार कॅमेऱ्यामागच्या कामाचे आहेत, आणि मजकूर लिहिणाऱ्याने ते ज्या बाजूने मांडले त्याच्या उलट बाजूने ते बोलतात. ‘गांधी’ला 11 नामांकने होती आणि आठ पुरस्कार मिळाले. प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार बेन किंग्स्ले यांना मिळाला. ते इंग्लंडमध्ये जन्मले, त्यांचे वडील गुजराती वंशाचे, आणि जन्मनाव कृष्णा भानजी. परके वाटणारे नाव कारकिर्दीच्या आड येईल म्हणून आपण ते बदलले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्याच चित्रपटात कस्तुरबा झालेल्या, पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांना बाफ्टाने सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून दिला. त्या वर्षी ऑस्करच्या त्याच विभागात पाच नावे होती : जेसिका लँग, ग्लेन क्लोज, टेरी गार, किम स्टॅनली आणि लेस्ली ॲन वॉरेन.