खुलासा : गडद हिरवा नकाशा म्हणजे भरघोस पीक नव्हे

दोन दिवसांपासून गावच्या ग्रुपवर उपग्रहाचा एक नकाशा फिरतोय. ‘आपला पट्टा गडद हिरवा, म्हणजे यंदा कापूस-सोयाबीन भरघोस’, असं खाली लिहिलंय. मीही तो न तपासता पुढे पाठवला. चूक माझीच.

नकाशा खोटा नाही, अर्थ चुकीचा काढलाय. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. त्या फरकावरून उपग्रह हिरवेपणाचा आकडा काढतो. त्याला धुऱ्यावरचं गाजर गवतही हिरवंच दिसतं. पानं दाट झाली की पुढे आकडा फारसा हलतही नाही. अन् पऱ्हाटी नुसतीच माजली, बोंडं मात्र मोजकीच, हे आपण पाहिलेलं आहेच.

वनस्पतींची उत्पादकता जमिनीवर मोजतात ती अशी : एक चौरस मीटरची चौकट टाकून आतली वाढ कापायची, वजन स्थिर होईस्तोवर ओव्हनमध्ये वाळवायची, मग तोलायची. ओलं वजन धरत नाहीत, त्यात बहुतेक पाणीच. हिशेब चौरस मीटरला वर्षाकाठी किती ग्रॅम कोरडं, असा. मुळंही धरावी लागतात. ती खणून धुता धुता कंबर जाते.

नकाशा ठेवायचा तर ठेवा, पण त्या ओळीसकट पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासाही पाठवा.