‘फॉर्मॅटर लावा, नियम विसरा’ हे क्यूएमएलमध्ये चालत नाही

क्यूएमएलमध्ये (क्यूटी या सॉफ्टवेअर-संचातल्या, स्क्रीन मांडण्याच्या भाषेत) स्क्रीन बनवणाऱ्या मंडळींत एक युक्तिवाद अधूनमधून फिरत असतो. त्याचा सारांश असा: ही डिक्लेरेटिव्ह भाषा आहे. काय दिसायला हवं ते आपण सांगायचं, कसं ते इंजिन बघून घेतं. म्हणून ओळींचा क्रम बिनमहत्त्वाचा, कोडिंग स्टाइलचे नियम म्हणजे सीनियर लोकांची हौस, आणि जे काही उरतं ते फॉर्मॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन, करतो. रिव्ह्यूमध्ये त्यावर बोलणं म्हणजे वेळेची नासाडी.

यातलं शेवटचं वाक्य मला अर्धं पटतं. ओळीअखेर सेमीकोलन हवा की नको, चार स्पेस की टॅब, फॉन्टच्या तीन प्रॉपर्टी एका कंसात घ्यायच्या की सुट्या लिहायच्या, यावर दोन शहाण्या माणसांनी अर्धा तास भांडू नये. क्यूएमएलफॉरमॅट हा क्यूटीचा फॉर्मॅटर चालवा आणि चहाला जा. बाकीचे दावे मात्र एकेक करून बघायला हवेत.

‘क्रमाला अर्थ नसतो.’

प्रॉपर्टींपुरतं खरं. बाइंडिंग (प्रॉपर्टीची व्हॅल्यू इतर व्हॅल्यूंवरून सतत मोजणारी सूत्रं) कोणत्या क्रमाने मोजली जातील याची हमी इंजिन देतच नाही, त्यामुळे हाइट आधी लिहा नाहीतर विड्थ, स्क्रीन तीच दिसते. पण शेजारशेजारच्या चाइल्ड आयटमची (एकाच आयटमच्या आत ठेवलेल्या आयटमची) अदलाबदल करून बघा. झेड (कोण कोणाच्या वर हे ठरवणारा आकडा) सारखाच असेल तर नंतर लिहिलेला आयटम आधीच्याच्या वर रंगवला जातो. ‘लोड होत आहे’ सांगणारा धूसर पडदा लिस्टच्या आधी लिहिलात, तर तो लिस्टच्या मागे जाऊन बसतो. रो आणि कॉलममध्ये तर लिहिण्याचा क्रम हाच मांडणीचा क्रम.

आणि जिथे इंजिनला फरक पडत नाही, तिथे वाचणाऱ्याला पडतो. क्यूटीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सुचवलेला क्रम असा आहे: सगळ्यात वर आयडी (ऑब्जेक्टला दिलेलं नाव), मग आपण नव्याने जाहीर केलेल्या प्रॉपर्टी, मग सिग्नल (काही घडलं की बाहेर कळवणाऱ्या सूचना), मग फंक्शन, त्यानंतर मूळ प्रकारातल्या प्रॉपर्टींना दिलेल्या व्हॅल्यू आणि शेवटी चाइल्ड ऑब्जेक्ट. यात हौस कुठेच नाही. सी प्लस प्लसमध्ये क्लास बाहेरच्यांशी काय बोलतो हे हेडर उघडून कळतं. क्यूएमएलला वेगळी हेडर फाइल नसते, ते काम फाइलच्या वरच्या वीस-पंचवीस ओळी करतात. कोणी एखादा सिग्नल तीनशेव्या ओळीवर, दोन रेक्टँगलच्या मध्ये जाहीर केला की तो कंपोनंट (त्या फाइलमधला तयार भाग) वापरणाऱ्याला सगळी फाइल चाळावी लागते. इंजिन तक्रार करत नाही, म्हणूनच हे वर्षानुवर्षं तसंच राहतं.

‘उरलेलं फॉर्मॅटर करतो.’

क्रमाचं काम करतो, हे मान्य. क्यूएमएलफॉरमॅटला नॉर्मलाइझचा पर्याय आहे, तो दिला की प्रॉपर्टी, सिग्नल वगैरे नियमाप्रमाणे लागतात. पण फॉर्मॅटरला मजकुराचा आकार दिसतो, हेतू दिसत नाही. एक साधी प्रोग्रेसची पट्टी घ्या. तिची विड्थ बांधली आहे ‘पेरेंटची विड्थ गुणिले प्रोग्रेस’ अशी. प्रोग्रेसचा आकडा सी प्लस प्लसकडून येतो, पट्टी छान सरकते. मग कोणीतरी रीसेट बटणाच्या ऑनक्लिक्ड हँडलरमध्ये (बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) एक ओळ टाकतो: पट्टीची विड्थ बरोबर शून्य. बटण दाबलं, पट्टी शून्यावर आली, टेस्टरने बरोबरची खूण केली. त्यानंतर प्रोग्रेस कितीही वाढो, पट्टी हलत नाही. जावास्क्रिप्टमधून थेट व्हॅल्यू दिली की त्या प्रॉपर्टीवरचं बाइंडिंग काढून टाकलं जातं, आणि तेही गुपचूप. बाइंडिंग निघाल्याची नोंद करणारी लॉगिंग कॅटेगरी क्यूटीमध्ये आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

या ओळीत फॉर्मॅटरला काहीच खटकणार नाही. इंडेंटेशन चोख, नाव नीट. इथे उपयोगी पडतो तो टीमने पाळलेला नियम: हँडलरमधून दिसण्याच्या प्रॉपर्टीला हात लावायचा नाही, ज्या माहितीवरून ती मोजली जाते ती बदलायची. रीसेट करायचं असेल तर सी प्लस प्लसमधला आकडा शून्य करा, पट्टी आपोआप मागे येते. अगदीच गरज पडली तर क्यूटी.बाइंडिंग वापरून नवं बाइंडिंग द्या, आणि का दिलं ते शेजारी लिहा.

‘छोट्या नावांनी कोड सुटसुटीत राहतो, आयडी लावून लांबण कशाला?’

या दाव्याची मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण तो वाचायला अगदी निरुपद्रवी वाटतो. नाव नुसतं लिहिलं की इंजिन ते शोधत निघतं: कंपोनंटमधले आयडी, मग ज्या ऑब्जेक्टमध्ये ओळ आहे त्याच्या प्रॉपर्टी, मग कंपोनंटच्या रूटच्या (मुळाशी असलेल्या ऑब्जेक्टच्या), मग बाहेरच्या पातळ्या. जे पहिलं सापडेल ते खरं.

समजा क्यूटी 5 च्या काळात तुम्ही रूट आयटमवर ‘पॅलेट’ (रंगांचा संच) नावाची स्वतःची प्रॉपर्टी ठेवलीत आणि आतल्या रेक्टँगलच्या रंगासाठी नुसतं ‘पॅलेट.हायलाइट’ लिहिलंत. रेक्टँगलला तेव्हा पॅलेट नव्हतं, शोध रूटपर्यंत जायचा, तुमचा रंग मिळायचा. क्यूटी 6 मध्ये आयटमलाच पॅलेट मिळालं. इंपोर्टच्या ओळीतले आवृत्तीचे आकडे आता ऐच्छिक आहेत म्हणून तुम्ही ते काढलेत, की आता रेक्टँगलला पॅलेट स्वतःकडेच सापडतं. त्यातही हायलाइट आहे. एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त रंग दुसराच. रूटला ‘रूट’ असा आयडी देऊन ‘रूट.पॅलेट.हायलाइट’ लिहिलं असतं तर या बदलाचा पत्ताही लागला नसता. पाच अक्षरांची बचत म्हणे!

क्यूएमएललिंट हे कोड तपासणारं साधन अशा उघड्या, आयडी न लावलेल्या नावांवर बोट ठेवतं. ते वॉर्निंग बंद करून ठेवलेले प्रोजेक्ट मी पाहिले आहेत, कारण काय तर यादी फार मोठी येते.

‘जावास्क्रिप्टच आहे, सगळीकडे व्हार चालतो.’

व्हार, म्हणजे कोणत्याही प्रकारची व्हॅल्यू घेणारी प्रॉपर्टी, चालतो, आणि त्याचे पैसे प्रत्यक्ष हार्डवेअरवर वेग गमावून मोजावे लागतात. क्यूटी 6 मधली कंपायलरची साधनं बाइंडिंगचं सी प्लस प्लसमध्ये रूपांतर करू शकतात, पण प्रकार आधी कळला तरच. इंट, स्ट्रिंग किंवा नेमका ऑब्जेक्टचा प्रकार लिहिला, फंक्शनच्या पॅरामीटरना प्रकार दिले, तर फायदा. व्हार आणि उघडी नावं दिसली की ती ओळ पुन्हा इंजिनच्या गळ्यात. गाडीच्या डॅशबोर्डसारख्या हार्डवेअरवर काम करणाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

‘एकाच टीमचं काम आहे, ज्याने त्याने आपल्या पद्धतीने लिहावं.’

लिस्टच्या डेलिगेटमध्ये (लिस्टमधली एकेक नोंद दाखवणाऱ्या कंपोनंटमध्ये) हे करून बघा. जुन्या पद्धतीत मॉडेलमधल्या (लिस्टच्या माहितीतल्या) गोष्टी आणि इंडेक्स (नोंदीचा क्रमांक) डेलिगेटला आपोआप मिळतात, कुठे जाहीर कराव्या लागत नाहीत. क्यूटी 5.15 पासून रिक्वायर्ड प्रॉपर्टी आल्या: डेलिगेटला काय हवं ते त्याने नाव आणि प्रकारासह मागायचं. आता एका सहकाऱ्याने नव्या पद्धतीने ‘शीर्षक’ रिक्वायर्ड केलं आणि खालचा ‘इंडेक्स’ जुन्या पद्धतीनेच राहू दिला, तर इंडेक्स सापडतच नाही. डेलिगेटमध्ये एक जरी रिक्वायर्ड प्रॉपर्टी दिसली की इंजिन आपोआप देणं बंद करतं. तेव्हा एका डेलिगेटमध्ये दोन पद्धती नकोत: मागायचं ठरलं तर इंडेक्ससुद्धा ‘रिक्वायर्ड प्रॉपर्टी इंट इंडेक्स’ असं लिहूनच मागायचा.