म्हणे दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप जेवेल!

‘हल्लीच्या मुली जेवण का सोडतात?’ हा फॉरवर्ड नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत फिरत शेवटी ताईच्या फोनवर येऊन पडला. तिच्या मुलीवर अ‍ॅनोरेक्सियाचे, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने जेवण तोडायला लावणाऱ्या मानसिक आजाराचे, उपचार चालू आहेत हे काकूंना ठाऊक आहे. म्हणूनच पाठवला, खाली हात जोडून. त्यात कारणं चार: नाटक, श्रीमंतीचे लाड, नोकरी करणारी आई आणि मोबाइल. उपाय एकच: दोन दिवस ताट वाढू नका, भूक लागली की झक मारत जेवेल.

आधी नाटकाचं बघू. पुरावा काय, तर पोरगी स्वतः खात नाही, पण दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ बघते. म्हणजे ढोंग! 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं ते शोधायचं होतं. वजन साधारण पाव हिश्शाने घटलं. हे बाप्ये पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, एवढंसं जेवण तासभर पुरवून खायला लागले, चिडचिडे झाले, माणसांत मिसळेनासे झाले. उपासमार डोक्याचं काय करते ते हे. माझी भाची पोळीचे नखाएवढे तुकडे करून चिवडत बसते, तेही यातलंच.

आणि तिला आणखी दोन दिवस उपाशी ठेवायचं? अहो, न जेवण्याची मुभा हेच तर त्या आजाराला हवं असतं. सर्वाधिक जीव घेणाऱ्या मानसिक आजारांपैकी हा एक आहे. उपासमारीने हृदयाचे ठोके मंदावतात, पोटॅशियम ढासळतं. उलट घाबरून एकदम भरपूर भरवलं तरी रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरू शकतं, म्हणून तेही डॉक्टरांना विचारूनच.

अख्खा वर्ग डाएट करतो, अडकते एखादीच. का? ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये 2019 साली सुमारे 17,000 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात जनुकसंचातल्या आठ जागांचा या आजाराशी संबंध दिसला, आणि दुवे मनाच्या आजारांशी तसेच चयापचयाशीही निघाले. एकच एक कारण कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सोडून द्या.

श्रीमंतीचे लाड, तेही मुलींचेच? रिचर्ड मॉर्टन या इंग्रज डॉक्टरने 1689 साली असे दोन रुग्ण नोंदवले, त्यातला एक पाद्र्याचा सोळा वर्षांचा मुलगा होता. पुढे.

मोबाइलचं अगदीच खोटं नाही, नाइलाजाने मान्य. पॅसिफिक महासागरातल्या फिजी या बेटांच्या देशात, एका भागात, 1995 मध्ये टीव्ही आला. वजनासाठी उलट्या काढते असं सांगणारी शाळकरी मुलगी तेव्हा एकही नव्हती. 1998 मध्ये 11.3 टक्के होत्या. पडदा भर घालतो, पण मॉर्टनच्या रुग्णांकडे कुठला पडदा होता?

राहिली आई. लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयातून आलेल्या उपचारपद्धतीत जेवू घालायची जबाबदारी सुरुवातीला आईवडिलांवरच सोपवतात. त्यांना गुन्हेगार ठरवून ते कसं जमणार? ताई रोज दुपारी ऑफिसातून घरी येऊन लेकीसमोर ताट घेऊन बसते. काकू, मदतच करायची असेल तर एखाद्या दुपारी तिच्या जागी तुम्ही बसा. ‘किती वाळलीस गं’ एवढं मात्र म्हणू नका.