लो वर थंड, हायवर मिडीयम

आमची इलेक्ट्रिक शेगडी आजीच्या काळातली आहे. चार बर्नर, आणि प्रत्येक नॉबला तीनच गोष्टी कळतात, लो, मिडीयम, हाय. नॉब फिरवला की असा खट्ट आवाज होतो की शेजाऱ्यांनाही कळतं, यांनी पाणी ठेवलं.

परवापासून पुढच्या डाव्या बर्नरची नाटकं सुरू झाली. लो वर ढिम्म थंड. मिडीयमवर एकदम शहाण्यासारखा. आणि हायवर ठेवला तरी मिडीयमएवढाच! स्विच गेलाय, मी छातीठोकपणे जाहीर केलं. घरात कुणी काही विचारलंही नव्हतं.

मेन बंद केला, टेस्टर लावून दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा आईने बघायला लावलं (आणि बरोबर होतं तिचं, असल्या शेगडीशी मस्करी नाही). आतल्या वायरींवरचं कापडी आवरण हात लागला की वाळक्या पानासारखं चुरत होतं, त्यामुळे श्वास रोखून स्विच बाहेर काढला, काँटॅक्ट पॉलिश पेपरने घासले, वायरींचा फोटो काढला होता तो नेमका हललेला निघाला, तरी कसंबसं सगळं जागच्या जागी बसवलं. दोन तास गेले. मेन चालू, नॉब फिरवला, खट्ट आवाज तर आता आणखीच खणखणीत. लो वर बर्नर थंड.

मी रागाने हायवर नेला. आई चष्मा पुसत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अरे, बाहेरचं वेटोळं काळंच आहे की."

आतलं लालभडक, बाहेरचं कोळसा. दोन दिवस माझ्या नाकासमोर होतं हे. असल्या बर्नरमध्ये सारख्याच ताकदीच्या दोन कॉइली असतात. हायवर दोन्ही पॅरललमध्ये (प्रत्येकीला विजेचा वेगळा रस्ता), मिडीयमवर एकटी आतली, आणि लो वर दोन्ही सिरीजमध्ये (एकाच रस्त्यावर एकीमागून एक), म्हणून लो ची ताकद हायच्या पाव. आता बाहेरची तुटली तर लो वर रस्ताच बंद, आणि हायवर आतली बिचारी एकटीच राबणार. म्हणजे शेगडी दोन दिवस अगदी मुद्देसूद तक्रार करत होती आणि मी स्विच घासत बसलो होतो.

तरी अहंकार होताच. परत मेन बंद केला, टोकांचे स्क्रू सोडवले आणि मल्टिमीटर लावला. आतली कॉइल ५३ ओहम, २३० व्होल्टला जवळपास १००० वॉट. बाहेरचीवर मीटरने सरळ हात वर केले. मग मागच्या बर्नरची त्याच मापाची कॉइल पुढे लावली आणि ही मागे, तर आजारही तिच्याबरोबर मागे गेला. स्विच निर्दोष सुटला.

नवी कॉइल शोधतोय. तोवर पुढचा बर्नर ठणठणीत आहे, आणि मागच्याची तक्रार कोण करणार, त्याच्यावर आमच्याकडे वर्षानुवर्षं एक मोठं पातेलं असतं, तेही रिकामं.