‘रेकॉर्डवर आहे’ म्हणून खरं?

राजीव गांधी हत्येच्या तपासावरची ‘द हंट’ ही मालिका 2025 च्या जुलैत सोनी लिव्हवर आली. तेव्हापासून आमच्या तालमीच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येऊन पडतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खऱ्या राजकीय हत्येवरची मालिका पोलीस रेकॉर्डवरच बेतलेली असते, म्हणून ती खरी. सुरुवातीला पाटी टाकली की जबाबदारी संपली. घरच्यांना विचारायची गरज नाही. म्हणून आपल्या कोल्हापूरच्या कॉम्रेड पानसरेंच्या हत्येवरही आता मालिका काढा, निकालाची वाट बघू नका, नाहीतर नव्या पोरांना काही कळणार नाही.

मालिका काढायला माझी ना नाही. गणपतीत तालमीच्या सजीव देखाव्यांच्या संहिता मी लिहितो, त्यामुळे खऱ्या माणसाला स्टेजवर उभं करण्याचा विटाळ मला नाही. मेसेजमध्ये दिलेली कारणं मात्र पटण्यासारखी नाहीत.

पहिलंच घ्या. ‘सगळं रेकॉर्डवर आहे.’ रेकॉर्ड कोण लिहितं? राजीव गांधी खटल्यात पेरारिवलन नावाचा 19 वर्षांचा पोरगा 1991 च्या जूनमध्ये पकडला. त्याच्यावरचा मोठा ठपका हा की, बॉम्बला लागलेल्या नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या त्याने आणून दिल्या. टाडा या दहशतवादविरोधी कायद्यात पोलीस अधीक्षकासमोर दिलेला कबुलीजबाबही पुरावा धरला जायचा, आणि याचा जबाब सीबीआयच्या व्ही. त्यागराजन यांनी लिहून घेतला. याच त्यागराजन यांनी 2013 मध्ये जाहीरपणे सांगितलं की, बॅटऱ्या कशासाठी हव्यात हे आपल्याला माहीत नव्हतं, असं तो पोरगा म्हणाला होता. ते आपण कागदावर घेतलंच नाही, असंही त्यागराजन म्हणाले.

आता हा प्रसंग टीव्हीसाठी लिहून बघा. दुकानाचा काउंटर, पलीकडे दुकानदार, अलीकडे पोरगा. दोन बॅटऱ्या, पैसे, खेळ खलास. कबुलीजबाबात धरून चालायला एवढंच. पण नटाला चेहऱ्यावर काहीतरी आणावंच लागतं. त्याने इकडेतिकडे बघून गडबडीने बॅटऱ्या खिशात टाकल्या की प्रेक्षक म्हणणार, बघा, याला सगळं ठाऊक होतं. शीळ घालत बाहेर पडला की बिचारा निर्दोष. खाली तबल्याचा ठेका ठेवायचा की नुसता रस्त्याचा आवाज, यावर त्या पोराची नियत ठरणार. ज्या एका वाक्यावर माणसाच्या फाशीचा प्रश्न अडकला होता, त्याचा निकाल दिग्दर्शक चार सेकंदांत लावून मोकळा! ‘माहीत नाही’ असं दाखवणारा क्लोज-अप मला तरी अजून लिहिता आलेला नाही, आणि कुणाला येत असेल असं वाटतही नाही.

शिवाय रेकॉर्ड एका जागी थांबत नाही. 1998 च्या जानेवारीत टाडा न्यायालयाने 26 च्या 26 जणांना फाशी सुनावली. 1999 च्या मेमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या 19 जणांना सोडलं, चौघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. पेरारिवलन 2022 च्या मेमध्ये सुटला, उरलेले सहा जण त्याच वर्षी नोव्हेंबरात. ‘रेकॉर्डप्रमाणे’ मालिका म्हणजे यातल्या नेमक्या कुठल्या वर्षाच्या रेकॉर्डप्रमाणे?

पाटीचं तर सांगूच नका. जाहिरातीत ‘सत्य घटनेवर आधारित’ आणि आत बारीक अक्षरात ‘काही प्रसंग काल्पनिक’. हे कमी म्हणून की काय, ग्रुपवर फिरते ती कापलेली अर्ध्या मिनिटाची क्लिप. वर कुणीतरी लिहितो, ‘असं घडलं होतं भावांनो’. पाटी त्या क्लिपमध्ये नसतेच.

घरच्यांच्या परवानगीबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे, ते मान्य करायला हवं. ऑटो शंकर या फाशीच्या कैद्याच्या आत्मचरित्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये म्हटलं की, सार्वजनिक दप्तरात आहे तेवढं परवानगीशिवाय छापता येतं. त्यापलीकडे माणसाच्या खाजगी आयुष्यात शिरलात तर परिणामांची जबाबदारी तुमची. मालिकेतले स्वयंपाकघरातले संवाद, नवरा-बायकोचं रात्रीचं बोलणं कुठल्या दप्तरात असतं? मेसेज लिहिणाऱ्याने ही दुसरी बाजू सोयीस्कर गाळली.

आता आपल्या गावचं. 16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी फिरून घरी परतताना अण्णांवर, म्हणजे कॉम्रेड गोविंद पानसरेंवर, आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या. अण्णा 20 तारखेला मुंबईत गेले, जखमी उमाताई वाचल्या. 2025 च्या फेब्रुवारीत दहा वर्षं झाली, तेव्हाही खटला चालूच होता. उशीर संतापजनक आहेच. पण ‘म्हणून टीव्हीवरच निकाल लावा’ हा उपाय नव्हे. साक्षीदार आपल्याच गल्ल्यांतले. त्यांच्या डोळ्यांपुढे महिनाभर रोज रात्री एका नटाचा चेहरा मारेकरी म्हणून येत राहिला, तर उद्या आरोपीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल: तुम्ही तेव्हा पाहिलेलं सांगताय की मालिकेत पाहिलेलं? म्हणजे अण्णांना न्याय मिळावा म्हणून काढलेली मालिका आरोपीच्या उपयोगाची. ‘ब्लॅक फ्रायडे’ हा मुंबई बॉम्बस्फोटांवरचा चित्रपट याच कारणाने अडला होता. टाडा खटल्याचा निकाल लागेपर्यंत उच्च न्यायालयाने तो थांबवला आणि 2007 च्या फेब्रुवारीत तो लागला. उशिरा आला म्हणून त्याचं काही बिघडलं नाही. आजही लोक शोधून बघतात.

राहिली नवी पोरं. गोळीबाराचा प्रसंग हुबेहूब दाखवला की त्यांना अण्णा कळतील, हे कुणी ठरवलं? पेपर विकून शिकलेला, नगरपालिकेत शिपाई झालेला, मग शिक्षक, मग कामगारांचा वकील झालेला माणूस या गावात अर्धशतकभर राबला. टोलविरोधी आंदोलनात म्हातारपणीही रस्त्यावर उतरला, आणि तो टोल 2015 च्या डिसेंबरात रद्द झाला. यातल्या कशावरही खटला चालू नाही, साक्षीदार बिघडायची भीती नाही, आणि त्या मोर्चांत चाललेली माणसं सांगायला अजून गावात आहेत. निर्मात्याला खरंच घाई असेल तर तिथून सुरुवात करावी, देखाव्याची संहिता मी फुकट लिहून देतो.