ब्राउझर हलका केला म्हणून माग सुटत नाही

खासगीपणाबद्दल एक सल्ला सध्या जिकडेतिकडे फिरतो. त्याचा आशय असा: मोठे ब्राउझर सोडा, क्यूटब्राउझरसारखा हलका, कीबोर्डवर चालणारा ब्राउझर घ्या. त्यात प्रायव्हेट खिडकी उघडा, जावास्क्रिप्ट बंद करा, यूजर एजंट (ब्राउझर साइटला स्वतःचं जे नाव सांगतो ते) बदला, ‘डू नॉट ट्रॅक’ (माझा माग घेऊ नका असं साइटला सांगणारं सेटिंग) चालू ठेवा, मग तुम्हाला कोणी ओळखू शकत नाही. यातला प्रत्येक तुकडा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो पटतो. क्यूटब्राउझर उत्तम आहे. पण तो कशासाठी उत्तम आहे हे नीट कळलं नाही, तर माणूस खोट्या भरवशावर राहतो.

(खाली सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. ब्राउझरमध्ये ती रोमन अक्षरांत, बिंदूंसकट लिहायची.)

‘हलका आहे, म्हणून सुरक्षित आहे.’ हलकं आहे ते फक्त वरचं कवच. टॅब, कमांडची ओळ, कीबोर्डच्या जोडण्या हे सगळं पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि ते खरंच आटोपशीर आहे. पण पान उघडण्याचं, स्क्रिप्ट चालवण्याचं, चित्रं वाचण्याचं काम क्यूटवेबइंजिन करतं, आणि ते म्हणजे आतून क्रोमियमच, ज्यावर गूगलचा क्रोम बनतो. हल्ला होतो तो याच भागावर. त्यामुळे कवच किती लहान आहे यापेक्षा इंजिन किती ताजं आहे हे आधी बघायचं.

ते बघणं सोपं आहे. ‘:व्हर्जन’ कमांड द्या. क्यूटवेबइंजिनची आवृत्ती आणि ते क्रोमियमच्या कोणत्या आवृत्तीवर बेतलेलं आहे, दोन्ही तिथे दिसतं. क्रोमियमची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते, क्यूटची (क्यूटवेबइंजिन ज्या साधनसंचाचा भाग आहे त्याची) मोठी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी. मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या क्यूटच्या छोट्या आवृत्त्यांमधून जुन्या इंजिनात आणल्या जातात, म्हणून क्रोमियमचा मूळ आकडा जुना दिसला की लगेच घाबरायचं कारण नाही. खरी अडचण पुढे आहे. त्या छोट्या आवृत्त्या तुमच्यापर्यंत पोचायला हव्यात. डेबियन लिनक्सच्या स्थिर आवृत्तीसारख्या ठिकाणी पॅकेजं गोठवलेली असतात, आणि तिथे इंजिन बराच काळ मागे राहू शकतं. अशा वेळी क्यूटब्राउझरच्या मूळ कोडसोबत येणारी ‘एमकेव्हेन्व्ह’ ही स्क्रिप्ट वापरावी. ती वेगळ्या पायथन वातावरणात नवं क्यूटवेबइंजिन आणून बसवते. मात्र ते पुढे अद्ययावत ठेवणं तुमच्याकडे येतं, सिस्टिमच्या अपडेटमध्ये ते होत नाही.

‘बसवला की झालं.’ नाही झालं. मूळ सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट चालू असतं आणि तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे उघडलेल्या साइटखेरीज इतरांच्या, कुकीही स्वीकारल्या जातात. किमान तीन गोष्टी बदला. ‘कंटेंट.कुकीज.ॲक्सेप्ट’ला ‘नो-थर्डपार्टी’ हे मूल्य द्या. ‘कंटेंट.वेबआरटीसी_आयपी_हँडलिंग_पॉलिसी’ला ‘डिफॉल्ट-पब्लिक-इंटरफेस-ओन्ली’ द्या, म्हणजे वेबआरटीसी ही ब्राउझरमधल्या कॉलची सोय तुमच्या घरातल्या जाळ्याचा आयपी पत्ता सांगत नाही. तिसरी गोष्ट जाहिराती अडवण्याची. ‘कंटेंट.ब्लॉकिंग.मेथड’ मुळात ‘ऑटो’वर असतं. याचा अर्थ, ‘ॲडब्लॉक’ ही पायथन लायब्ररी असली तर नियमांच्या पूर्ण याद्या वापरल्या जातात, नसली तर फक्त होस्टची यादी. होस्टच्या यादीने अख्खं डोमेन अडवता येतं, त्यातला एखादा पत्ता नाही. म्हणून ती लायब्ररी आधी बसवा, मग ‘:ॲडब्लॉक-अपडेट’ द्या. याद्या आपोआप ताज्या होत नाहीत. महिनोन्‌महिने ही कमांड दिली नाही, तर गाळणी जुन्याच यादीवर चालत राहते.

इथे एक चूक पुन्हा पुन्हा होते. ‘:सेट’ने केलेले बदल ‘ऑटोकॉन्फिग’ नावाच्या फाइलीत जातात. तुम्ही स्वतःची ‘कॉन्फिग.पीवाय’ फाइल बनवली, की तिच्यात ‘लोड_ऑटोकॉन्फिग’ची ओळ लिहावी लागते. त्या ओळीच्या कंसात ‘फॉल्स’ लिहिलं, तर ‘:सेट’ने केलेला बदल त्या वेळेपुरता चालतो आणि ब्राउझर पुन्हा सुरू केल्यावर गायब होतो. कुकी बंद केल्या होत्या, तरी चालू कशा, या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. एकच जागा ठरवा आणि सगळं तिथेच ठेवा.

‘प्रायव्हेट खिडकीत कोणी बघत नाही.’ प्रायव्हेट खिडकी तुमच्याच संगणकावर इतिहास आणि कुकी मागे ठेवत नाही, एवढंच तिचं काम. आयपी पत्ता समोरच्या साइटला दिसतोच, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीलाही जोडणी दिसते, उतरवलेली फाइल डिस्कवर राहते. शिवाय एकाच वेळी उघडलेल्या प्रायव्हेट खिडक्यांच्या कुकी सामाईक असतात. एका खिडकीत लॉगिन करून ती बंद केली आणि दुसरी उघडीच राहिली, तर ते लॉगिनही जिवंत राहतं. पूर्ण कोरी पाटी हवी असेल तर ‘--टेंप-बेसडिर’ देऊन ब्राउझर सुरू करा. पण लक्षात ठेवा, त्यात तुमची कॉन्फिग फाइलही वाचली जात नाही, म्हणजे वर बदललेल्या तिन्ही गोष्टी मूळपदावर येतात. त्याच्या जोडीला ‘--कॉन्फिग-पीवाय’ आणि फाइलीचा पत्ता द्या; जाहिराती अडवणाऱ्या याद्यांसाठी मात्र ‘:ॲडब्लॉक-अपडेट’ पुन्हा द्यावं लागतं.

‘जावास्क्रिप्ट बंद, म्हणजे माग बंद.’ या सल्ल्यात सगळ्यात जास्त तथ्य इथे आहे. जावास्क्रिप्ट सरसकट बंद ठेवून हव्या त्या साइटपुरतं उघडणं, ही क्यूटब्राउझरची मोठी ताकद आहे. ‘टी-एस-एच’ ही तिन्ही लहान अक्षरं ओळीने दाबली की समोरच्या होस्टपुरतं जावास्क्रिप्ट तात्पुरतं उघडतं आणि पान पुन्हा लोड होतं. मधला एस मोठा दाबला तर ते कायमचं उघडतं (‘ऑटोकॉन्फिग’ लोड होत असेल तरच). सुरुवातीचे काही दिवस दर दुसऱ्या पानावर हे करावं लागेल, मग रोजच्या साइट बसून जातात.

पण जावास्क्रिप्ट न वापरताही बरंच काही कळतं. खिडकीच्या रुंदीप्रमाणे वेगळं चित्र मागवायला सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) पुरतं, आणि कोणतं चित्र मागवलं गेलं त्यावरून सर्व्हरला रुंदीचा अंदाज येतो. भाषेचा हेडर (तुमची भाषा सांगणारी ओळ) दर विनंतीसोबत जातो. टीएलएसची, म्हणजे साइटशी होणारी कूटबद्ध, जोडणी सुरू होताना ब्राउझर आपल्याला चालणाऱ्या सायफरांची (कूटपद्धतींची) यादी पाठवतो, आणि त्या यादीची ठेवण इंजिनागणिक वेगळी असते.

‘यूजर एजंट बदला, ओळख बदलते.’ हा सल्ला उलटा पडतो. क्यूटब्राउझरने यूजर एजंटमध्ये फायरफॉक्स म्हणून सांगितलं, तरी टीएलएसची ठेवण क्रोमियमची, जावास्क्रिप्टला मिळणारी फंक्शनंही क्रोमियमची. असा विसंगत ब्राउझर गर्दीत लपत नाही, उठून दिसतो. आणखी एक बारकावा आहे. यूजर एजंट एखाद्या साइटपुरताच बदलला, तर हेडरमध्ये नवं मूल्य जातं, पण जावास्क्रिप्टला विचारलं की जागतिक सेटिंगमधलंच मूल्य मिळतं. दोन्ही ताडून पाहणाऱ्या साइटला फसवणूक एका ओळीत कळते. एखादी साइट ब्राउझर ओळखीचा नाही म्हणून उघडत नसेल, तर तेवढ्यापुरतं हे सेटिंग ठीक. लपण्यासाठी नको.

यामागचं गणित जुनं आहे. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० साली ‘पॅनॉप्टिक्लिक’ या प्रयोगात ४ लाख ७० हजारांवर ब्राउझरचे ठसे, म्हणजे ओळखीच्या खुणांचे संच, तपासले. त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. कुकी नव्हे, तर फॉन्ट, प्लगइन, पडद्याचा आकार, टाइमझोन यांची बेरीजच ओळखपत्र ठरली. क्यूटब्राउझर वापरणारे मुळात थोडे. त्यात प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने दहा सेटिंगं फिरवली, की गर्दी उरतच नाही.

‘डू नॉट ट्रॅक’बद्दल थोडक्यात: ती विनंती आहे, अडसर नाही. तिचं प्रमाण ठरवणारा डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा गट २०१९ मध्ये बंद झाला. ॲपलने त्याच वर्षी सफारीतून ती काढली, कारण तीच ठशाचा एक भाग होत होती.

मग हलका ब्राउझर कशाला? जाहिरातींची जाळी तोडायला, तिसऱ्या पक्षाच्या कुकी अडवायला, जावास्क्रिप्टवर साइटगणिक ताबा ठेवायला आणि शांतपणे वाचायला. या कामांसाठी तो बिनदिक्कत वापरा. पण ओळखच लपवायची असेल, तर सगळ्यांचा ठसा सारखा दिसावा म्हणून बनवलेला ब्राउझर लागतो. टॉर ब्राउझर खिडकीचा आतला आकारसुद्धा ठरावीक पायऱ्यांमध्ये बसवतो आणि जोडणी टॉरच्या जाळ्यातून, म्हणजे मधल्या अनेक संगणकांवरून फिरवून, नेतो. २०२३ मध्ये टॉर प्रोजेक्टने मुलवाड या व्हीपीएन कंपनीसोबत आणलेला मुलवाड ब्राउझर तसाच ठसा देतो, फक्त टॉरच्या जाळ्याशिवाय, म्हणून आयपी पत्ता लपवायला त्यासोबत व्हीपीएन लागतो. या दोन्हींत एक्स्टेन्शन वाढवू नका, फॉन्ट बदलू नका आणि आपल्या नावाच्या खात्यात लॉगिन करू नका.