पंगतीपुरता परिवार

मठाची संस्था असो, मिशनची असो की जैन ट्रस्टची, बेळगावात नोकरीला लागलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, 'आपली संस्था म्हणजे एक परिवार.' मठाच्या संस्थेत संस्थापकांच्या पुण्यतिथीला स्वामीजींचं आशीर्वचन होतं, मग दासोह, म्हणजे सगळ्यांना एका पंगतीत जेवण. प्राचार्यांच्या मांडीला मांडी लावून शिपाई जेवतो. मला हे मनापासून आवडतं, खोटं कशाला बोलू. पण पान उचललं की परिवार संपला.

मॅकमिलन आणि चॅव्हिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली समूहभावनेचे चार घटक सांगितले: आपण यातले आहोत असं वाटणं, आपल्या शब्दाला वजन असणं, गरजा भागणं आणि एकमेकांत जीव गुंतणं. धार्मिक संस्था पहिल्यात आणि चौथ्यात पटाईत. दुसऱ्या घटकाचा, शब्दाच्या वजनाचा, विषय काढला की 'वर विचारून सांगतो'. हे 'वर' म्हणजे देव नव्हे, ट्रस्टी हो!

मी जिथे ऑफिसात होतो तिथे परिपत्रकं फक्त कन्नडमधून निघायची. राज्याची भाषा आहे, निघणारच. पण खानापूरकडून येणाऱ्या आमच्या आयाबाई तो कागद घेऊन लायब्ररीतल्या अटेंडरकडे जायच्या. तो बैलहोंगलचा, घरात कन्नड. जेवणाच्या सुट्टीत भाकरी बाजूला ठेवून मोडक्या मराठीत ओळ न् ओळ सांगायचा, "मावशी, हितं सही करू नका, आधी रजेचं विचारा." माझ्या लेखी परिवार तो. ट्रस्टला त्याचा पत्ताही नव्हता.

धर्म वेगळा म्हणून माणूस परका होतो, हे मला पटत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० मध्ये कॅथलिक विद्यापीठांसाठी नियम घालून दिले. इतर धर्माच्या शिक्षकांनी विद्यापीठाची कॅथलिक ओळख मानावी, असं त्यात आहे. प्रत्येकाच्या विवेकाचं स्वातंत्र्य पूर्ण जपावं, हेही आहे. बिगर-कॅथलिक शिक्षक बहुसंख्य होऊ नयेत, हेसुद्धा स्पष्ट लिहिलंय. हे शेवटचं मला खटकतं, पण निदान कागदावर आहे. आपल्याकडे असले नियम सगळ्यांना ठाऊक असतात, लिहिलेले कुठेच नसतात.

म्हणून पुढच्या पुण्यतिथीला भाषण थोडं आवरतं घ्या. कर्मचाऱ्यांनी निवडलेला एक माणूस, शिक्षकेतर असला तर उत्तमच, मताच्या अधिकारासकट व्यवस्थापन समितीत घ्या. तो कुठल्या धर्माचा, कुठल्या भाषेचा, ते आमचं आम्ही बघून घेऊ.